चार नंबरचा चिमटा

"चार नंबर मोकळा आहे ना, काका?"

मी मान वर केली. टेबलापुढं सन्मती शिरगुप्पे उभी होती. काखेत लांबलचक पुठ्ठ्याची पेटी आणि दुसऱ्या हातात तिच्या वडिलांचा, भूपालचा रेडिओ सेट. भूपालला जाऊन तेव्हा सात महिने झाले होते. तो गेला त्या आठवड्यात मी एकदा घरी जाऊन आलो होतो. त्यानंतर त्या गल्लीतून जायचंही मी टाळत होतो.

"मोकळा आहे," मी म्हणालो. "पण तुझं नाव यादीत नाही."

"मग घाला की. मैत्रीची स्पर्धा म्हणून बोर्डावर तुम्हीच लिहिलंय."

हे खरं होतं. बोर्ड माझ्याच अक्षरात होता. नियमांचा कागदही माझ्याच अक्षरात होता, आणि स्पर्धाप्रमुखाची शिट्टी गेली सहा वर्षं माझ्याच गळ्यात होती. मिरजेपासून पंधरा मैलांवर करंजवड्याचा माळ आहे. लढाईच्या काळात तिथं इंग्रजांनी विमानं उतरवायला धावपट्टी केली होती. १९९६ साली तिच्या भेगांतून गुडघाभर गवत आलं होतं आणि तेच आमच्या फ्लाइंग क्लबचं मैदान होतं. क्लबचं नाव भारदस्त असलं तरी खऱ्या विमानात आमच्यातला एकच जण बसला होता, तोही एकदाच. आम्ही नऊ-दहा मोठी माणसं हलक्या लाकडाची ग्लायडर करून रेडिओनं उडवायचो. त्यांना इंजिन नसतं. लांब रबरी दोरीनं ती पतंगासारखी वर खेचायची, दोरी सुटली की तापलेल्या जमिनीवरून चढणारी हवा शोधायची आणि तिच्या जोरावर तरंगत ठेवायची. आमच्या बायका याला खेळ म्हणायच्या आणि आम्ही छंद म्हणायचो.

स्पर्धाही साधी होती. बरोबर आठ मिनिटं हवेत राहायचं आणि चुन्याच्या ठिपक्याच्या जितकं जवळ उतरता येईल तितकं उतरायचं. पहिलं बक्षीस स्टीलची कळशी. सगळ्यांना भडंग आणि चहा.

एकाच गोष्टीत आम्ही कुणाचं ऐकून घेत नसू. प्रत्येक सेटचा एक नंबर असायचा. सेटमध्ये आणि ग्लायडरमधल्या रिसीव्हरमध्ये नखाएवढा क्रिस्टल बसवलेला असे आणि तो ज्या नंबरचा, त्या नंबरवर सेट बोले आणि रिसीव्हर ऐके. एकाच नंबरवर दोन सेट चालू झाले की हवेतल्या ग्लायडरला दोन मालक होतात आणि ते खाली कोसळतं. म्हणून आमच्या शेडच्या भिंतीवर एक फळा होता आणि त्यावर कपडे वाळत घालायचे सहा चिमटे, एक ते सहा नंबर घातलेले. ज्याला उडवायचं त्यानं आपल्या नंबरचा चिमटा काढून सेटच्या एरियलला लावायचा. मग सेट चालू करायचा. बाकीचे सेट टेबलावर, बंद. "चिमटा नाही तर सेट नाही" हे वाक्य फळ्यावर तांबड्या रंगात मीच रंगवलं होतं.

मी सन्मतीचं नाव यादीत दहावं घातलं. तिनं पेटी उघडली. आत भूपालचं ग्लायडर होतं, तेच पिवळ्या पंखांचं. पंखावर जिथं तिथं नव्या लाकडाचे सांधे दिसत होते.

"तूच जोडलंस?"

"पाच महिने लागले. पण आतलं सगळं जुनंच ठेवलंय काका. तोच रिसीव्हर, त्याच मोटरी, तोच क्रिस्टल. वायरसुद्धा बदललेली नाही."

"कशाला? नवीन घालायचं."

"नवीन घातलं तर कळणार कसं?" ती म्हणाली. "आईला सांगून आलेय. आज हे आठ मिनिटं नीट उडलं तर विमानात काही दोष नव्हता. मग त्या दिवशी बाबांचाच हात चुकला, हे आम्ही मान्य करायचं आणि विषय संपवायचा. आणि यात काही बिघाड निघाला, तर बाबांची चूक नव्हती."

मी चहाचा कप उचलला तर तो रिकामा होता.

आदल्या वर्षी याच स्पर्धेत भूपालचं ग्लायडर पडलं होतं. चौथ्या मिनिटाला, दोनशे फुटांवरून, नाक खाली करून. भूपाल सेट छातीशी धरून ओरडत होता, "ऐकत नाही! माझं ऐकत नाही!" गावातल्या शाळेची मुलं बघायला आली होती. त्यांच्यापासून चार हातांवर ते जमिनीत घुसलं. कुणाला लागलं नाही. मी लगेच सगळे सेट तपासले होते. सगळे टेबलावर आणि सगळे बंद. तसं मी जाहीर केलं आणि भूपालच्या नावापुढं शून्य लिहिलं.

भूपालचं मिरजेत घड्याळ दुरुस्तीचं दुकान होतं. तीस वर्षं डोळ्याला भिंग लावून तो केसाएवढ्या स्प्रिंगा बसवायचा. त्या स्पर्धेनंतर दोन महिन्यांनी त्यानं दुकान बंद केलं. लोकांना सांगायचा, हात पहिल्यासारखा राहिला नाही. जुलैत झोपेतच गेला.

सकाळी आमची नऊ उड्डाणं झाली. कुणालाच मोठा वेळ मिळाला नाही, कारण वाराच नव्हता. काठीवरचं कापड सकाळपासून एकदाही हललं नव्हतं. अकराच्या सुमाराला माझ्या लक्षात आलं की घारी उडत नाहीयेत. त्या माळावर ऊन तापलं की घारी चढायच्या आणि आम्ही त्यांच्याकडे बघून वर जाणारी हवा ओळखायचो. त्या दिवशी त्या धावपट्टीच्या कडेला गवतात बसून होत्या, दहा-बारा तरी असतील. आम्ही अगदी जवळून चालत गेलो तरी उठत नव्हत्या.

"यांनीपण भडंग खाल्लंय काय?" मुजावर मास्तर म्हणाले. इक्बाल मुजावर म्हणजे आमचा वेळ मोजणारा, हायस्कूलमधून निवृत्त झालेला गणिताचा मास्तर. माणूस जिभेचा तिखट आणि मनानं लोण्यासारखा. सगळे हसले, पण बेतानं.

मग सन्मतीची पाळी आली. फळ्यावरून तिनं चार नंबरचा चिमटा काढला, एरियलला लावला आणि सेट चालू केला. ग्लायडर तिनं गवतावर ठेवलं होतं. त्याचंही बटण दाबलं. मी वही घेऊन तिच्याकडे निघालो, उड्डाणाची वेळ लिहायला. मी चार पावलांवर आलो असेन, तेवढ्यात तिनं हात वर केला.

"काका, हे बघा. हलायलंय."

ग्लायडरच्या शेपटीवरचा रडर, म्हणजे डावी-उजवीकडे वळायची उभी फळी, सावकाश डावीकडे वळत होती. सन्मतीचे दोन्ही अंगठे सेटपासून लांब होते.

"सेटच्या काडीला हात लागला असेल तुझा."

"नाही काका. हे बघा, सेटच बंद करते."

तिनं सेट बंद केला. रडर क्षणभर थांबला आणि पुन्हा निघाला. पार डावीकडे गेला, थोडा वेळ थांबला आणि तसाच सावकाश उजवीकडे आला.

हे कुणी उडवणाऱ्यानं पाहिलं असतं तर त्याच्या अंगावर काटा आला असता. बाहेरचा कसलातरी सिग्नल आला तर रडर थडथडतो, झटके देतो. इथं तसं काहीच नव्हतं. कुणीतरी काडी बोटात धरून शांतपणे हलवत असावं, तसं ते हलत होतं.

मी शिट्टी वाजवली. "कुणाचा सेट चालू आहे? सगळ्यांनी शेडपाशी या!"

सगळे आले. टेबलावर नऊ सेट होते. मी एकेक हातात घेऊन बटण पाहिलं. सगळे बंद. तरी मी प्रत्येकाला आपापली बॅटरी काढायला लावली. नऊ बॅटऱ्या टेबलावर एका रांगेत ठेवल्या. फळ्यावर पाच चिमटे, सन्मतीकडे एक. गाड्यांच्या डिक्क्या उघडून पाहिल्या. कुणाकडे जास्तीचा सेट नव्हता.

आम्ही परत ग्लायडरपाशी गेलो. रडर सरळ होता.

"गेलं बघा भूत," मुजावर मास्तर म्हणाले.

मी पुढं होऊन खाली वाकलो तेवढ्यात रडर माझ्याकडे वळला.

"पोलिसांची वायरलेस असंल," मागून कुणीतरी म्हणालं. "नाहीतर कारखान्याची." मास्तरांनी मान हलवली. ते माझ्याकडे बघत होते, चष्मा नाकावर खाली ओढून, वर्गात कॉपी करणाऱ्या पोराकडे बघायचे तसे.

"उपळेकर, जरा मागं जावा बघू."

"कशाला?"

"जावा तर. दहा पावलं."

मी गेलो. रडर थांबला.

"आता या."

मी आलो. सहाव्या पावलाला रडर हलला.

"आयला!" मास्तर टाळी वाजवून हसले. "चोर सापडला! स्पर्धाप्रमुखच सेट घेऊन हिंडायलाय की! काढा, खिशात काय आहे ते काढा!"

सगळे खो खो हसले. मीही हसलो. खुर्चीवर एकेक वस्तू काढून ठेवली. स्टॉपवॉच, शिट्टी, चष्म्याचं घर, किल्ल्या, कंगवा, रक्तदाबाच्या गोळ्या. मनगटावरचं घड्याळ काढलं. मास्तरांनी गमतीनं माझा पट्टाही काढायला लावला. मग त्या बनियन-शर्टातल्या रिकाम्या माणसाला ते म्हणाले, "आता या."

मी गेलो. सहाव्या पावलाला रडर हलला.

हसणं थांबलं. मास्तर स्वतः ग्लायडरच्या जवळ गेले, त्यावर वाकले, भोवती फिरले. काही झालं नाही. दुसऱ्या दोघांनी करून पाहिलं. तेव्हाही काही नाही. मग त्यांनी मला ग्लायडरच्या डाव्या बाजूनं जायला सांगितलं. मी गेलो आणि रडर डावीकडे वळला. उजव्या बाजूला आलो, तर तो उजवीकडे आला. मी थांबलो की तो थांबायचा. मी चाललो की तो माझ्या मागोमाग यायचा.

बारा वाजले होते. त्या मोकळ्या माळावर इतकं ऊन होतं की पायाखाली सावलीसुद्धा उरली नव्हती, आणि मला थंडी वाजत होती. आजही सांगतो, मी इतका घाबरलो होतो की पळत सुटावंसं वाटत होतं. सगळे बघत होते म्हणून तिथं उभा राहिलो.

"असू दे," मास्तर हळू आवाजात म्हणाले. "रिसीव्हर जुना आहे. काहीतरी बिघाड आहे आत. उपळेकर, चार नंबर आजच्यापुरता बंद करा. पोरी, आज नको उडवू. पडलं तर पाच महिन्यांची मेहनत जाईल."

मला सुटल्यासारखं वाटलं. बिघाड. मास्तरांनीच तो शब्द पुरवला होता. मी फक्त "हो" म्हणायचं होतं. बिघाड निघाला तर भूपालची चूक नव्हती, हे सन्मतीच सकाळी म्हणाली होती. त्याच्या नावाला डाग राहणार नव्हता आणि माझ्याही. सगळं नीट बसत होतं.

सन्मती गुडघ्यावर बसली होती. तिनं ग्लायडरच्या पोटाची झाकणी उघडली, आतल्या वायरींवरून बोट फिरवलं आणि डोकं हलवलं.

"बिघाड नाही मास्तर. मी यात पाच महिने डोकं घातलंय. रात्रंदिवस चालू ठेवून बघितलंय. घरी एकदाही हललं नाही." मग ती माझ्याकडे बघत म्हणाली, "आत बिघाड असता तर कुणीही जवळ आलं की हललं असतं. उडवते मी. काय व्हायचं ते होऊ दे."

"आणि नीट उडलं तर?" मी विचारलं.

"तर बाबांचा हात चुकला."

"नाही," मी म्हणालो.

सगळे माझ्याकडे वळले.

"त्याचा हात चुकला नव्हता. माझा सेट चालू होता."

बोललो आणि मग थांबता आलं नाही. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. आदल्या वर्षी स्पर्धेच्या दोन दिवस आधी माझ्या क्रिस्टलचा तुकडा पडला होता. माझा नंबर दोन. भूपालकडे चार नंबरच्या क्रिस्टलची जास्तीची जोडी होती, ती त्यानं मला घरी तपासायला म्हणून दिली. एक सेटमध्ये, एक ग्लायडरमध्ये. मी बसवली, तपासलं आणि विसरलो. स्पर्धेच्या दिवशी दोन नंबरची नवी जोडी आणली होती, ती खिशातच राहिली. भूपालचं ग्लायडर हवेत होतं, मी शेडच्या मागं होतो. माझ्या ग्लायडरच्या शेपटीची एक तार ढिली वाटली म्हणून सेट चालू करून पाहिलं. अर्ध्या मिनिटाचं काम. त्यासाठी फळ्यापर्यंत कुठं जायचं? स्पर्धाप्रमुख मीच होतो. चिमटा घ्यायला गेलो असतो तर चार नंबरची जागा रिकामी दिसली असती आणि माझ्या सेटमध्ये काय आहे ते आठवलं असतं. मी गेलो नाही. सेटची काडी डावी-उजवी केली. तेवढ्यात भूपालची आरोळी ऐकली.

"मी सेट बंद केला, टेबलावर ठेवला," मी म्हणालो, "आणि मग शिट्टी वाजवून सगळ्यांचे सेट तपासले."

मास्तर खुर्चीवर बसले, माझ्या गोळ्या आणि कंगवा हातात घेऊन. त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

सन्मती उठली नाही. तशीच बसून म्हणाली, "आईनं त्यांना विचारलं होतं. दुसऱ्या कुणाचा सेट चालू असेल का म्हणून."

"मग?"

"म्हणाले, चिमट्याशिवाय आमच्यात कुणी सेट चालू करत नाही."

मला तिच्याकडे बघवेना.

"तुम्हाला क्रिस्टल दिलेला त्यांच्या लक्षात होता काका. मलाच म्हणाले होते, उपळेकरांकडे आहे, येईल परत. तुमचा संशय त्यांच्या मनात आलाच नाही. हाताचाच आला." तिनं हातातली झाकणी पुसली. "त्यानंतर ते चहाचा कप दोन्ही हातांनी धरायचे. हात थरथरत नव्हता हो. तरी दोन्ही हातांनी."

मी रडलो. वयाच्या चोपन्नाव्या वर्षी, नऊ माणसांसमोर, शर्टाच्या बाहीला नाक पुसत. त्यात कसलंही मोठेपण नव्हतं. त्याचं दुकान बंद झालं तेव्हा मी तिथून दोनदा सायकल घेऊन गेलो होतो आणि दोन्ही वेळा उतरलो नव्हतो. एक वाक्य बोलायचं होतं. एवढंच तर होतं.

बऱ्याच वेळानं कुणीतरी म्हणालं, "थांबलंय."

रडर सरळ होता. केव्हा थांबला ते कुणी पाहिलं नव्हतं. मी ग्लायडरच्या शेजारीच उभा होतो. मी डावीकडे गेलो, उजवीकडे गेलो. रडर जागचा हलला नाही.

सन्मतीनं सेट चालू केला, काडी हलवली. रडर तिच्या बोटाबरोबर डावीकडे गेला आणि उजवीकडे आला. तिनं झाकणी लावली.

"मास्तर, घड्याळ घ्या. मी उडवते."

शिट्टी आणि स्टॉपवॉच मास्तरांनीच घेतलं. मी मागितलं नाही आणि त्यांनी दिलंही नाही. रबरी दोरी ताणली गेली, पिवळे पंख एकदम वर गेले, दोरीची कडी सुटली आणि माळावर शांतता पसरली. तेव्हा धावपट्टीच्या कडेची पहिली घार उठली. मग दुसरी. एकापाठोपाठ सगळ्या उठल्या आणि ग्लायडरच्या भोवती गोल धरून चढू लागल्या. काठीवरचं कापड अजून तसंच लोंबत होतं. खाली वाऱ्याची झुळूक नव्हती, आणि वर ते सगळं एका वर्तुळात फिरत उंच चाललं होतं. चौथं मिनिट आलं तेव्हा मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा मास्तर "पाच" म्हणत होते.

सातव्या मिनिटाला सन्मतीनं ग्लायडर घारींतून बाहेर काढलं. ते माळावरून लांबून वळून आलं, आवाज न करता आमच्या डोक्यावरून गेलं आणि चुन्याच्या ठिपक्यावर नाक टेकून थांबलं. मास्तरांनी टेप काढली, अंतर पाहिलं आणि काही न बोलता ती पुन्हा गुंडाळली.

"आठ मिनिटं दोन सेकंद," ते म्हणाले. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत.

मी शेडमध्ये जाऊन बसलो होतो. सन्मती चिमटा परत फळ्यावर लावायला आली. आत आम्ही दोघंच होतो.

"सन्मती, एक विचारू? खरं सांग. मी रागावणार नाही, मला तो हक्कही नाही. तुझ्याकडे दुसरा सेट होता ना? तुला संशय होता, म्हणून तू माझ्याकडून वदवून घेतलंस."

ती माझ्याकडे बघतच राहिली. तिचा चेहरा उतरला.

"मला वाटलं तुमच्याकडे होता," ती म्हणाली. "शेडमध्ये कुठंतरी लपवलेला. तुम्हाला सांगायचं होतं आणि जमत नव्हतं, म्हणून तुम्हीच काहीतरी केलंय. मी मनातल्या मनात तुमचे आभार मानत होते काका."

आम्ही दोघंही बाहेर बघू लागलो. ग्लायडर ठिपक्यावर होतं तसंच होतं. त्याची बॅटरी सन्मतीच्या हातात होती. त्या दिवसानंतर आज सत्तावीस वर्षं झाली. मध्यंतरी मी तो रिसीव्हर तिच्याकडून मागून घेऊन पुण्याच्या एका रेडिओ इंजिनिअरला दाखवला. त्यानं आठवडाभर ठेवून घेतला आणि परत देताना म्हणाला, यात काहीच नाही.

सन्मतीनं टेबलावरची गुणांची वही माझ्यापुढं सरकवली.

"लिहा."

"मास्तर लिहितील. मी आता प्रमुख नाही."

"मास्तर नकोत. तुमचं अक्षर हवं." ती टेबलावर हात टेकून उभी राहिली. "दुसऱ्याच्या सेटमुळं विमान पडलं तर नियमात काय आहे?"

"पुन्हा उडवायची संधी मिळते. पहिलं उड्डाण धरत नाहीत."

"मग आज मी उडवलं ते माझं नव्हतं. ते मागच्या वर्षीचं राहिलेलं होतं. त्यांच्या नावावर लिहा."

मी वहीची पानं उलटून आदल्या वर्षाचं पान काढलं. भूपाल शिरगुप्पे, नंबर चार, शून्य. शून्यावर रेघ मारली. शेजारी लिहिलं, पुन्हा दिलेलं उड्डाण, आठ मिनिटं दोन सेकंद, ठिपक्यावर.

"कारणाचा रकाना राहिला," ती म्हणाली.

मी लिहिलं, चिमटा न घेता सेट चालू केला. आणि त्याखाली पूर्ण नाव, भालचंद्र गणेश उपळेकर. खाली सही केली, तारीख घातली.

तिनं एकदा वाचलं. मग पट्टी लावून ते पान सरळ फाडलं, घडी न घालता पुठ्ठ्याच्या पेटीत ठेवलं आणि आईला दाखवायला घरी निघाली.